शब्दांची मोजणी आणि शब्दांचे वजन

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपल्याकडील वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. गृहिणी पातेल्यातील प्रत्येक शीत दाबून पाहत नाही. एकच शीत बोटांत धरते आणि भात शिजला की नाही, ते सांगते. भाषणांची परीक्षा मात्र इतकी सोपी नाही. निवडणुकीच्या दिवसांत गावोगाव सभा होतात, घरोघर पत्रके येतात, आणि मोबाइलवर तर सकाळपासून रात्रीपर्यंत संदेशांचा पूर लोटतो. एवढ्या मोठ्या पातेल्यातील कोणते शीत दाबून पाहावे? आणि त्या एका शितावरून केलेला निर्णय खरा कशावरून? हा प्रश्न केवळ थोरामोठ्यांचा नव्हे. आज दहावीच्या वर्गात बसणारे आमचे विद्यार्थी दोन-तीन वर्षांत मतदार होणार आहेत. म्हणून सार्वजनिक बोलण्याची, विशेषतः राजकीय भाषेची, परीक्षा संगणकाच्या साहाय्याने कशी करतात, तीत काय कळते आणि काय कळत नाही, हे ह्या लेखात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

शब्द मोजण्याची कल्पना संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. १७३७ साली अलेक्झांडर क्रूडन ह्या गृहस्थाने इंग्रजी बायबलाची एक शब्दसूची लंडन येथे प्रसिद्ध केली. कोणता शब्द पवित्र शास्त्रात कोणकोणत्या ठिकाणी आला आहे, हे तीत ओळीने दाखविले होते. हे सारे काम त्याने हातानेच केले होते. अशा सूचीचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग असा की, एखाद्या शब्दाविषयी आपली जी समजूत असते, ती एका आवडत्या वचनावरून बनलेली असते. सर्व ठिकाणे एकापुढे एक मांडली म्हणजे ती समजूत कधी पक्की होते, तर कधी बदलावी लागते.

हेच काम यंत्राकडून प्रथम मोठ्या प्रमाणावर करवून घेतले ते इटलीतील रोबेर्तो बुसा ह्या जेझुइट धर्मगुरूंनी. संत थॉमस अक्वायनस यांच्या लॅटिन ग्रंथांतील 'सान्निध्य' ह्या कल्पनेचा ते अभ्यास करीत होते. ह्या कल्पनेचे मर्म त्यांना मोठ्या पारिभाषिक शब्दांत सापडले नाही. ते सापडले 'इन' ह्या लॅटिनमधील इवल्याशा अव्ययात. मराठीत 'घरात', 'मनात' असे म्हणताना जो 'त' आपण सहज जोडतो, त्याच्याच जातीचा हा शब्द. तो मिळेल तेथून टिपण्यासाठी बुसांनी सुमारे १०,००० चिठ्ठ्या हाताने लिहिल्या. पुढे १९४९ साली ते अमेरिकेस जाऊन आय. बी. एम. कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांस भेटले, आणि छिद्रे पाडलेल्या कार्डांवर चालणाऱ्या यंत्रांचे साहाय्य त्यांनी मिळविले. सुमारे एक कोटी दहा लक्ष शब्दांची ही सूची ५६ खंडांत छापून पुरी होण्यास तीस वर्षे लागली.

लहान शब्दांचे हे महत्त्व राजकारणातही प्रत्ययास आले आहे. १७८७-८८ मध्ये अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ 'पब्लियस' ह्या टोपणनावाने ८५ निबंध प्रसिद्ध झाले. त्यांपैकी १२ निबंध हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद दीडशे वर्षांहून अधिक काळ मिटला नव्हता. १९६४ साली मॉस्टेलर व वॉलेस ह्या दोन संख्याशास्त्रज्ञांनी आपले निष्कर्ष पुस्तकरूपाने मांडले. स्वातंत्र्य, राज्य, प्रजा असल्या भारदस्त शब्दांवर त्यांनी भिस्त ठेविली नाही. ते शब्द दोघेही वापरीत. आपल्याकडे कोणी सवयीने 'पण' लिहितो तर कोणी 'परंतु', तशी त्या दोघांच्या अव्ययांत जी भिन्नता होती, तीच त्यांनी मोजली. वादग्रस्त निबंध मॅडिसनचे, असा निर्णय त्यांनी दिला. मनुष्य मोठे शब्द विचारपूर्वक निवडतो; लहान शब्द त्याच्या नकळत बाहेर पडतात. म्हणूनच त्यांची साक्ष पुष्कळ वेळा अधिक खरी ठरते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हॅरल्ड लासवेल ह्या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली वॉशिंग्टन येथे परराष्ट्रांतील वृत्तपत्रांची अशीच तपासणी चालली होती. कोणते राष्ट्र कोणते शब्द अधिक वापरू लागले, कोणते गाळू लागले, ह्याच्या नोंदी ठेवून शत्रूच्या प्रचाराचा रोख ओळखण्याचा तो उद्योग होता. सध्या संगणकाने तेच काम लक्षावधी पटींनी जलद होते, एवढाच फरक.

ही झाली दूरदेशीची हकीकत. परंतु आपल्या नगर जिल्ह्याइतके ह्या अभ्यासास योग्य क्षेत्र क्वचितच असेल. मराठीतील पहिले वृत्तपत्र 'दर्पण' १८३२ साली मुंबईस निघाले. त्यानंतर अवघ्या दहा वर्षांनी, १८४२ साली, अमेरिकन मराठी मिशनने नगर येथे 'ज्ञानोदय' सुरू केले. ते पुढे मुंबईस गेले, तरी त्याचा जन्म येथला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आपल्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्याच्या मराठी भागाचे संपादन केले. दुसरे पत्र ह्याहूनही नवलाचे. १९१० साली मुकुंदराव पाटील यांनी आपल्या जिल्ह्यातील सोमठाणे गावी 'दीनमित्र' काढले. ते पुढे नेवासे तालुक्यातील तरवडी ह्या खेड्यातून निघत असे. शहरात नव्हे, तर शेतकऱ्यांच्या वस्तीत बसून सत्यशोधक विचारांचा हा संपादक अर्धशतकाहून अधिक काळ लोकांशी बोलत राहिला.

आता कल्पना करा, ह्या दोन पत्रांचे सर्व अंक संगणकास वाचता येतील अशा रूपात आपल्यापुढे आहेत. मग किती प्रश्न विचारता येतील! राज्यकर्ता ज्यांच्यावर राज्य करतो त्यांस कोणत्या साली 'रयत' म्हणत, कोणत्या साली 'प्रजा', आणि 'जनता' व 'नागरिक' हे शब्द केव्हा वर आले? मिशनच्या पत्रात 'शिक्षण' ह्या शब्दाशेजारी कोणते शब्द येत आणि खेड्यातील पत्रात कोणते? दुष्काळाच्या वर्षी 'दैव' अधिक वेळा येई की 'सरकार'? एका मनुष्याने जन्मभर वाचले तरी ह्या प्रश्नांची उत्तरे आकड्यांनिशी देणे कठीण. संगणक ते काही मिनिटांत देईल. परंतु तो देईल केव्हा? मराठी त्याला नीट समजेल तेव्हा. आणि येथेच खरी अडचण आहे.

ती अडचण एका लहानशा उदाहरणाने स्पष्ट होईल. पुढील दोन भाषणे आम्ही ह्या लेखासाठीच रचिली आहेत. कोणाही खऱ्या उमेदवाराची ती नव्हेत. पहिला उमेदवार म्हणतो : 'मी या गावासाठी रस्ता आणला. मी शाळा बांधली. मी पाणीही आणीन. माझ्यावर विश्वास ठेवा.' दुसरा म्हणतो : 'आपल्या गावाला पाणी हवे. आपण मिळून बंधारा बांधू. शाळेची दुरुस्तीही आपण करू. आपला हिशेब आपणच ठेवू.' पहिल्या भाषणात १४ शब्द आहेत, दुसऱ्यात १६.

ज्याला मराठी व्याकरण शिकविलेले नाही अशा संगणकास आपण सांगितले की, 'गाव' हा शब्द किती वेळा आला ते मोज. तो उत्तर देईल : दोन्ही भाषणांत एकदाही नाही! कारण एकात 'गावासाठी' आहे, दुसऱ्यात 'गावाला', आणि नुसते 'गाव' कोठेच नाही. 'पाणी' पहिल्यात शून्य, कारण तेथे 'पाणीही' आहे. 'शाळा' दुसऱ्यात शून्य, कारण तेथे 'शाळेची' आहे. म्हणजे पहिल्यास पाण्याची पर्वा नाही आणि दुसऱ्यास शाळेची, असा साफ खोटा निष्कर्ष, आणि तोही अगदी बिनचूक गणिताने, निघेल. आमच्या विद्यार्थ्यांस मराठीच्या तासाला सामान्यरूप आणि विभक्तिप्रत्यय पाठ करताना कंटाळा येतो, हे आम्हास ठाऊक आहे. तेच सामान्यरूप संगणकास शिकविल्यावाचून मराठीतील एकही राजकीय भाषण त्याला धड मोजता येत नाही.

आता प्रत्यय ओळखणाऱ्या संगणकाकडून तीच मोजणी पुन्हा करू. पहिल्यात 'मी' तीन वेळा आणि 'माझ्यावर' एकदा, मिळून चार. म्हणजे शेकडा सुमारे २९. दुसऱ्यात 'आपण' व त्याची रूपे पाच. म्हणजे शेकडा सुमारे ३१. गाव, शाळा व पाणी ह्या तीनही गोष्टी दोघांच्या बोलण्यात प्रत्येकी एकदाच आल्या आहेत. म्हणजे विषयांत भेद नाही. भेद आहे तो काम कोणी करावयाचे ह्यात. एक म्हणतो, मी करीन, तुम्ही विश्वास ठेवा. दुसरा म्हणतो, आपण करू. हा भेद मोठ्या शब्दांनी दाखविला नाही; सर्वनामांनी दाखविला. एवढ्यावरून दुसरा उमेदवार अधिक चांगला, असे मात्र कोणी समजू नये. 'आपण करू' म्हणून सारे ओझे लोकांवर टाकणारेही असतात. मोजणीने प्रश्न कोठे आहे ते दाखविले. उत्तर शोधण्यास गावात जाऊन बंधारा पाहिला पाहिजे.

सर्वनामांच्या बाबतीत आपल्या भाषेची एक खुबी येथे सांगितली पाहिजे. इंग्रजीत 'आम्ही' आणि 'आपण' ह्या दोहोंस एकच शब्द आहे. मराठीत 'आम्ही' म्हटले म्हणजे ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हटले म्हणजे तो आत येतो. सभेत वक्ता 'आम्ही'वरून 'आपण'वर केव्हा येतो, आणि निवडून आल्यावर 'आपण'वरून 'आम्ही'वर केव्हा जातो, हे मोजता आले तर राजकीय भाषेच्या अभ्यासकास केवढे धन सापडेल! इंग्रजीसाठी बनविलेल्या पद्धती जशाच्या तशा आणल्या तर हे धन हातचे जाईल. शिवाय 'आपण बसावे' ह्यातील 'आपण' आदरार्थी आहे, तो निराळा काढावा लागेल. फार कशाला, हाच लेख संगणकास दिला तर जागोजागी 'आम्ही' पाहून तो म्हणेल की, हा लेख पुष्कळ माणसांनी मिळून लिहिला असावा. वास्तविक लेखणी एकच आहे. मासिकांत लिहिणारांची ती जुनी रीत आहे, एवढेच.

दुसरी अडचण लेखनाची. १९६२ साली मराठीच्या शुद्धलेखनाचे नवे नियम शासनमान्य झाले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या अंकांत 'नाहीं', 'होतें', 'करणें' असेच छापलेले सापडेल. संगणकास 'नाहीं' आणि 'नाही' हे दोन वेगळे शब्द वाटतात. जुने अंक कागदावर आहेत. त्यांचे छायाचित्र घेऊन त्यातील अक्षरे यंत्राने ओळखावी लागतात, आणि झिजलेल्या खिळ्यांनी छापलेली जोडाक्षरे ओळखताना यंत्र चुकते. नंतरच्या काळात संगणकावर जुळविलेल्या मजकुराचीही कथा फारशी निराळी नाही. सर्व लिप्यांस समान संकेत देणारी 'युनिकोड' पद्धती १९९१ साली आली व तीत देवनागरीस जागा मिळाली. तरी पुढे कित्येक वर्षे आपल्याकडील छापखाने आपापले निराळे संकेत वापरीत राहिले. तो मजकूर आज उघडला तर पडद्यावर अक्षरांची खिचडी दिसते.

तिसरी अडचण नावांची, आणि ती तर आपल्या दारातलीच आहे. १४९० साली मलिक अहमदाने वसविलेल्या ह्या शहराचे व त्यावरून जिल्ह्याचे नाव अहमदनगर होते. बोलण्यात सर्वजण नुसते 'नगर' म्हणत. चोंडी येथे १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांच्या स्मरणार्थ २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. उद्या एखादा परप्रांतीय अभ्यासक केवळ 'अहमदनगर' हा शब्द मोजू लागला, तर २०२४ नंतर ह्या जिल्ह्याविषयी लोक बोलेनासे झाले, असे तो लिहून ठेवील. केवळ 'नगर' मोजू लागला, तर प्रत्येक गावातील शिवाजीनगर आणि गांधीनगर आपल्याच जिल्ह्यात जमा होईल. 'पक्ष' शब्दाची तीच गत. भाद्रपदात 'पितृपक्ष' आला की यंत्र म्हणेल, एक नवा राजकीय पक्ष उदयास आला!

ह्या अडचणी दूर करण्याचे काम आपल्या महाराष्ट्रात सुरू झाले आहे, आणि ते विद्यार्थ्यांनी चालविले आहे, हे विशेष. पुण्यातील 'एल-थ्री-क्यूब' ह्या उपक्रमात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी २०२१ साली महाराष्ट्रातील नामवंत व्यक्तींच्या, त्या वेळी ट्विटर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माध्यमावरील, सुमारे १६,००० मराठी संदेश गोळा केले. प्रत्येक संदेश माणसाने वाचून तो अनुकूल, प्रतिकूल की तटस्थ, हे ठरविले. मग त्यांवरून संगणकास शिकविले. पुढच्या वर्षी २५,००० हून अधिक संदेशांचा दुसरा संग्रह झाला. त्यात द्वेषाची, अपमानाची व शिवराळ भाषा निराळी काढून दाखविली आहे. त्याच सुमारास २ कोटी ४८ लक्ष मराठी वाक्यांचा भांडारही त्यांनी अभ्यासकांस खुला केला. येथे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, यंत्रास शहाणे करण्यापूर्वी सहस्रावधी वाक्ये माणसांना बसून वाचावी लागली.

इतके करूनही यंत्र उपहासापुढे फसते. पावसाळ्यात गुडघाभर चिखलातून गाडी ढकलीत कोणी म्हणतो, 'वा! काय सुरेख रस्ता केला आहे!' मराठी माणूस हसतो. यंत्र 'वा' आणि 'सुरेख' पाहून ही स्तुती समजते. म्हणून आकड्यांच्या मागे जाऊन मूळ वाक्य वाचणे हे अभ्यासकाचे पहिले कर्तव्य आहे. जो नुसता तक्ता छापतो आणि वाक्य दाखवीत नाही, त्याच्यावर आमच्या वाचकांनी विश्वास ठेवू नये.

याहून मोठी उणीव अशी की, जे बोलले गेले व नोंदले गेले तेवढेच मोजता येते. पाथर्डीकडचा ऊसतोड कामगार हंगामात आपले बिऱ्हाड घेऊन कारखान्यावर जातो. त्याची बायको दिवस उजाडण्यापूर्वी मोळ्या बांधीत असते. त्यांचे मत कोणत्या भांडारात आहे? ज्यांस लिहिण्यास सवड नाही, त्यांचे मौन शून्य म्हणून मोजले जाते. आणि शून्याला कोणी वजन देत नाही. शितावरून भाताची परीक्षा खरी, परंतु तळाचा भात ढवळून वर आणल्याखेरीज वरच्या शिताची साक्ष पुरी मानता येत नाही.

ह्या विद्येचा दुरुपयोगही होतो, हे पालकांस सांगणे आम्ही अवश्य समजतो. आपण राजकीय शब्द मोजतो, तसेच मते मागणारेही आपले शब्द मोजतात. २०१८ साली 'केंब्रिज ॲनालिटिका' प्रकरण उघडकीस आले. त्यात सुमारे ८ कोटी ७० लक्ष लोकांची माहिती अयोग्य रीतीने घेतली गेली असावी, असे फेसबुकनेच मान्य केले. कोणाला कशाची भीती वाटते हे कळले, म्हणजे त्याला तीच भीती दाखविता येते. उलट, सावधपणाचे साधनही ह्याच विद्येत आहे. शंभर निरनिराळ्या नावांनी आलेले संदेश शब्दशः सारखे असले, तर ते बहुधा एकाच ठिकाणी लिहिलेले असतात. संगणक ही नक्कल क्षणात पकडतो. थोडे लक्ष दिले तर घरातील मुलेही पकडतील.

३ ऑक्टोबर १९२४ नव्हे, तर २०२४ रोजी, म्हणजे अगदी आपल्या डोळ्यांदेखत, मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपण सर्वांनी आनंद मानला आणि तो योग्यच होता. परंतु मान मिळाला म्हणजे काम संपले असे नाही. जुनी पत्रे पिवळी पडून चुरत आहेत. ती जपून संगणकात उतरविणे, त्यांतील शब्दांची रूपे ओळखून देणे, हे काम मराठी जाणणाऱ्यांनीच केले पाहिजे. आपण न केले, तर आपले बोलणे कोणी तरी परके लोक अर्धवट मोजतील, किंवा कोणीच मोजणार नाही.

आमच्या विद्यार्थ्यांस ह्या कामाचा आरंभ आजच करता येईल. त्यास संगणकही लागत नाही. येत्या सुटीत घरी येणारे कोणतेही एक वृत्तपत्र घ्या. सात दिवस त्यातील पहिल्या पानावर पाणी, शाळा, शेतकरी, आम्ही आणि आपण हे पाच शब्द त्यांच्या सर्व रूपांसह मोजा. एकूण शब्दांशी त्यांचे प्रमाण काढा. मग प्रत्येक शब्द ज्या वाक्यात आला ते वाक्य वहीत उतरवून घ्या आणि ते कोण, कोणास व कशासाठी बोलला, हे आईवडिलांशी बोलून ठरवा. आकडे एका पानावर मावतील. वाक्यांना पुष्कळ पाने लागतील. त्या वह्या सुटीनंतर आम्हास दाखवाव्या. त्यांतील उत्तम वह्यांचा सारांश पुढील वर्षीच्या अंकात देण्यास आम्हास फार आनंद होईल.